पाच चेंडूंचं षटक

जिल्ह्याचा आजवरचा सगळ्यात लाडका खेळाडू कोण,
ते आज काढायचंच, असं ठरलं.
सेंट्रल मैदानाच्या कडेला, रोलरला टेकून
आम्ही चौदा जण. तिघांचे गुडघे बदललेले,
एकाचं गेल्याच महिन्यात बायपास.
चिठ्ठ्यांना डबा सापडेना,
तेव्हा दळवीनं पिशवीतून कीपिंगचा जुना ग्लव्ह काढला.
एकाच हाताचा. दुसरा कुठे गेला ते विचारू नका, म्हणाला.

पण मत देण्याआधी भांडण. ते हवंच.

रेगे वकील म्हणाले, गुप्ते. दुसरं नाव घ्याल तर उठून जाईन.
दिगंबर गुप्तेनं कव्हरमधून चेंडू काढला
की निकाल लागला. वरती अपील नाही.

इब्राहिमभाई किटली खाली ठेवून म्हणाले, परेरा.
अंतोन परेरा कोर्टाच्या बाजूनं धावत सुटला
की माझ्या काचेच्या ग्लासांना समजायचं.
खोटं असेल तर आजचा चहा फुकट.
सगळ्यांनी मुकाट पैसे काढले.

मृदुला चित्रे, नवऱ्याचा डबा घेऊन यायच्या
आणि नवरा गेल्यावरही येत राहिल्या,
त्या म्हणाल्या, तुम्ही सगळे हात बघता.
मी पाय बघायचे. विश्राम सोष्टे.
पॉइंटला उभा असला तर टाच कधी टेकली नाही त्याची,
हरत असताना सुद्धा.

दळवीच्या नातवानं मोबाइल पुढे केला: आकडे बोला, आजोबा.
शोध शोध शोधलं. त्यात आपला जिल्हाच नव्हता.
मग सगळे माझ्याकडे वळले.

मी स्कोअरर. एकतीस वर्षं.
माझ्याकडे सगळे चेंडू आहेत, कोरड्या टिंबांसकट,
घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत.
फक्त एक नाही.

चेंदणीचा हरेश्वर नाखवा, नववा फलंदाज.
आठवडाभर होड्यांच्या फटी बुजवायचा,
बोटांना डांबराचा वास. पॅड उसने,
त्यातला एक नेहमी उलटा बांधलेला.
वागळे इस्टेटच्या कारखान्याविरुद्ध दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ,
मॅटिंगवर समोरून आग येतेय,
आणि हा दीड तास उभा. धावा सात.
मी पेन्सिलीला तीनदा टोक केलं, नुसती टिंबं काढायला.

तेव्हा तो एक चेंडू आला.
आत वळेल असं सगळ्यांना दिसलं, मलाही.
नाखव्यानं बॅट उचलली, खांद्यावर घेतली,
वल्हं ठेवतात तशी,
आणि जाऊ दिला.
बेल्सवरून गेला. किती वरून, ते सांगत नाही,
मोजायला कुणी श्वास घेतला होता?

अंपायरनं सहा मोजले. वहीत पाच आहेत.
मी लिहायला विसरलो.
एकतीस वर्षांत एकदाच वहीतून मान वर राहिली.

पुढच्याच षटकात तो पायचीत झाला. आपण हरलो.
बेरजा तपासायला कुणी आलं नाही; सही झाली.
ती चूक मी दुरुस्त करू शकलो असतो,
रबर खिशातच होतं, टिंब ते केवढं.

ग्लव्ह उपडा केला. मोजणीही माझ्याकडेच असते.
परेरा सहा, गुप्ते पाच, सोष्टे दोन.
रेगे वकील उठून गेले नाहीत,
फेरमोजणी मागत बसले.
आणि हे नाखव्याला कुणी दिलं? दळवी म्हणाला.
कोण नाखवा? दिवा की चेंदणी?
अरे, तो डांबरवाला?

मी वाकून चिठ्ठ्या गोळा करत होतो.
अक्षर माझं ओळखतात सगळे,
म्हणून डाव्या हातानं लिहिलं होतं.
मृदुलाबाईंनी ती चिठ्ठी उचलून पाहिली, माझ्याकडे पाहिलं,
आणि म्हणाल्या, त्या दिवशी
तुम्ही उभे राहिला होतात.